‘परत ये’नंतरचा हुंदका

ते गाणं तुम्हीही कधीतरी न्हाणीघरात म्हटलेलं असणार, आणि शेवटच्या ओळीला तुमचाही आवाज फाटलेला असणार. लाजू नका, सगळ्यांचाच फाटतो. तीन कडव्यांचं साधं गाणं आहे. ‘खिडकीत ठेवलाय दिवा, परत ये.’ ‘ताटात वाढलंय तुझं, परत ये.’ ‘दाराला घातलीये कडी, परत ये…’ इथं ती बाई तो ‘ये’ आठ मात्रा धरून ठेवते आणि मग एकदम घशातून आवाज काढते: ‘ऊं’. त्यानंतर अकॉर्डियनचा एक सूर घरंगळत खाली जातो आणि गाणं संपतं.

या ‘ऊं’वर जाणकारांनी पानंच्या पानं लिहिली आहेत. एकानं त्याला विरहाचा अर्क म्हटलंय. गाण्याच्या क्लासात तो बेंबीच्या देठापासून काढायला शिकवतात. मला एवढंच सांगायचंय की तो बेंबीतून आलेला नाही. तो डाव्या कानाच्या दोन बोटं खाली, जबड्याचं हाड जिथं मोडलं तिथून आलाय. जबडा माझ्या मावशीचा आहे.

दाराला कडी घालून बसलेली बाई ‘परत ये’ असं कशाला म्हणेल, हा प्रश्न चाळीस वर्षांत कुणालाही पडला नाही. दुसऱ्याच्या विरहात माणसं फार खोलात शिरत नाहीत. रुमाल काढतात.

मावशी खुर्च्या-सोफ्यांना नवी कातडी चढवायचं काम करते. कारखाना म्हणजे एक लांबडी खोली. एका भिंतीला उघडेबोडके सोफे रांगेत उभे, पोटातल्या स्प्रिंगा बाहेर आलेल्या, काथ्या लोंबणारा. दुसऱ्या भिंतीला रेक्झिनचे गुंडाळे. मध्ये मावशी, खाकी एप्रनमध्ये, हातात लोहचुंबकाची हातोडी आणि तोंडात मूठभर चुका, म्हणजे बारीक खिळे. या कामात चुका ओठांत धरतात. जिभेनं एकेक पुढे ढकलायची, हातोडीचं तोंड ओठांपाशी न्यायचं, चूक चिकटली की खुर्चीवर ठक्. दोन्ही हात मोकळे राहतात आणि तोंड बंद राहतं. कुणी तिला गाण्याबद्दल विचारलं की ती बोटानं ओठांकडे दाखवायची. आमच्या घरात एक जुना विनोद होता, की सगळ्यांच्या चुका पोटात घेणारी माणसं असतात, मावशी त्या तोंडात घेते.

त्यामुळे ही हकीकत मला तिच्याकडून कळलेली नाही. नोकरीच्या निमित्तानं मी तिच्या घरी राहायला गेलो, तेव्हा दर रविवारी एक म्हातारा तिच्याकडे यायचा, चहा पिऊन गुमान निघून जायचा. ते गाणं ज्यानं ध्वनिमुद्रित केलं तो रेकॉर्डिस्ट. एका रविवारी मी त्याला बसस्टॉपवर गाठलं. तीन बस त्यानं जाऊ दिल्या.

मावशीचा नवरा वाद्यवृंद चालवायचा. त्याला सगळे मास्तर म्हणायचे. मास्तर अकॉर्डियन वाजवायचा, आणि बायकोच्या कानाखाली वाजवायचा, दोन्हींत त्याचा हात सारखाच साफ होता. पहिल्या वर्षी हातानं मारायचा. पुढे अकॉर्डियनचा चामडी पट्टा आला, कारण बोटं जपायला लागायची. एकदा तिनं अंतरा अर्धा सूर वर उचलला म्हणून त्यानं तिचं डोकं आरशावर आपटलं आणि लगेच स्टेजवर जाऊन लोकांना सांगितलं, आमच्या गायिकाबाई आज जरा उशिरा येतील. बाई आल्या. केसांतून काचा काढून, भांग उलटीकडे पाडून आल्या आणि गायल्या. लोकांनी दोनदा पुन्हा म्हणायला लावलं.

गाणं मावशीनंच लिहिलं होतं. चाल मास्तरची, नावही मास्तरचंच. तालमीत ती तीनही वेळा ‘परत ये’वर थांबायची. मास्तरला ओळ फारच आवडली. बायको आपल्याला आर्जवं करतेय असं गाणं सगळ्या गावानं ऐकावं, याहून कुठल्या नवऱ्याला जास्त काय हवं असतं?

पण ओळ तिथं संपत नव्हती. शेवटच्या कडव्यात तो ‘ये’ आठ मात्रा ताणून पुढे शब्द पुरा होणार होता: ‘परत येऊ नकोस.’ दिवा, ताट, कडी. दोन कडवी दार उघडं ठेवून तिसऱ्यात तोंडावर आपटायचं होतं तिला, तेही तबकडीवर, म्हणजे मास्तरला ते पुसता आलं नसतं. शेवटचा शब्द तिनं कुठंही लिहिला नव्हता. स्टेशनवर जायची बॅग मात्र भरून रेकॉर्डिस्टच्या टेबलाखाली ठेवली होती.

तेव्हा सगळं एका दमात ध्वनिमुद्रित व्हायचं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, अलीकडे वादक, मध्ये मायक्रोफोनपाशी मावशी आणि तिच्याशेजारी अकॉर्डियन गळ्यात अडकवलेला मास्तर. तिसरं कडवं आलं. कडी आली. मावशीनं ‘ये’ धरला आणि मान वळवून मास्तरकडे पाहिलं. मास्तर तालाचा पक्का माणूस. पुढच्या मात्रेवर काय पडणार हे त्याला एक मात्रा आधी कळायचं. तिनं ‘ऊ’ उच्चारला, जीभ ‘न’साठी दातांमागे टेकवली, तेवढ्यात त्याचा उजवा हात पट्ट्यांवरून निघाला आणि उलटा तिच्या जबड्यावर बसला. बोटात जाड अंगठी होती.

‘ऊ’चा ‘ऊं’ झाला तो असा. आणि मास्तरचा डावा हात सवयीनं बटणांवर तसाच दाबलेला होता, उजवा सुटल्यावर भाता आपल्या वजनानं उघडत गेला, त्याचा तो घरंगळणारा सूर. पुढे एका मोठ्या संगीतकारानं तो सूर वीस व्हायोलिनांवर बसवला.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्टचं बोट आवाजाच्या बटणावर होतं. गाणं संपताना ते हळूहळू खाली आणायचं, हे त्याचं काम. “मला काय करावं कळेना,” तो मला म्हणाला, “म्हणून मी माझं काम केलं.” त्यानं बटण हळूहळू खाली आणलं. त्यामुळे स्टँड पडल्याचा, दोन दात फरशीवर सांडल्याचा आणि मास्तरनं पोटात घातलेल्या लाथांचा आवाज तबकडीवर नाही. त्या लाथा सारंगीवाल्यानं मोजल्या नाहीत. त्यानं वाद्य उचलून भिंतीला लावलं, फुटू नये म्हणून.

दात घशात घालीन, असं आपण सहज म्हणतो. एक दात तिच्या खरंच घशात गेला होता.

जबडा तारेनं बांधून ठेवला, तीन महिने ती नळीतून जेवली. ओळ पुन्हा गायची सोयच नव्हती. तबकडी आहे तशी निघाली. आणि अशी गाजली की विचारू नका.

इथून पुढे या गाण्याचा इतिहास जाणकार आवृत्त्यांनी सांगतात. आमच्या घरात तो हाडांनी सांगतात.

पहिली आवृत्ती एका गुळगुळीत आवाजाच्या गायकानं काढली. पुरुषानं बाईला बोलवायचं. ‘ऊं’च्या वेळी तो स्टेजवर गुडघे टेकायचा. तोवर मावशी मास्तरला सोडून या गावात आली होती, कारखान्यात काथ्या विंचरायला लागली होती, वर एक खोली घेतली होती. ते गाणं रेडिओवर तासातासाला लागायला लागलं आणि मास्तर पत्ता शोधत आला. मावशी कामावर होती. शेजारीण भली बाई, तिनं किल्ली काढून दिली. पुढे म्हणाली, मला वाटलं गाण्यातलेच ते, बोलावलेले. मावशी घरी आली तर मास्तर पलंगावर बसून तिचीच पोळी खात होता. मला लोकांनी पाठवलंय, म्हणाला, सगळं जग म्हणतंय बायको बोलावतेय, जा. मग त्यानं दाराला कडी घातली. मावशीचं डावं मनगट त्या दिवशी दोन ठिकाणी मोडलं. शेजारणीला भिंतीतून आवाज येत होता, पण तिनं रेडिओ मोठा केला. रेडिओवर काय लागलं होतं हे सांगायला नकोच.

चौकीवरच्या साहेबांनी तक्रार लिहून घेतली. मजकूर लिहिता लिहिता ते गुणगुणत होते. मग पेन थांबवून त्यांनी विचारलं, “पण बाई, मग ‘परत ये’ म्हणालातच का?” जबड्यात तारेचे तुकडे, हात गळ्यात बांधलेला. तिनं सांगायचा प्रयत्न केला की ते तसं नव्हतं, पुढे ‘ऊ नकोस’ होतं. साहेब समजूतदारपणे हसले. माझी बायकोही असंच करते, म्हणाले, आधी बोलते, मग म्हणते तसं नव्हतंच.

दुसरी आवृत्ती ब्रास बँडची. ट्रंपेटवाला ‘ऊं’ला असा काही गाल फुगवायचा की वराती थांबायच्या. त्या वर्षी मास्तरनं तिला बाजारात गाठलं, भर दुपारी, केस धरून. माणसं गोळा झाली, एकानं ओळखलं की हे तर गाण्यातलं जोडपं, आणि लोक चक्क बाजूला सरकून त्यांना वाट द्यायला लागले. मास्तरनं तिचं तोंड आपल्या खांद्यात दाबून धरलं, लांबून मिठी दिसावी तसं, आणि गुडघा तिच्या पोटात घालत राहिला. तिचा जबडा नीट जुळलेला नव्हता, डावीकडे अडकायचा. अडकला की सुटायला वेळ लागायचा. तिनं मास्तरचा कान दातांत घेतला आणि जबडा अडकला. मास्तर ओरडला, मावशीला सोडता येईना, लोकांना कुणाला सोडवायचं कळेना. शेवटी कान सुटला, अर्धा. मास्तरचा कान सुराला पक्का होता असं अजून म्हणतात. कुठला अर्धा, ते कुणी विचारत नाही.

डिस्कोची आवृत्ती आली तेव्हा त्यात ‘ऊं’ सोळा वेळा होता, ऊं-ऊं-ऊं-ऊं, लोक त्यावर कंबर हलवायचे. वेदनाशामक मलमाच्या जाहिरातीतही तोच. त्या सुमारास मास्तर थेट कारखान्यात घुसला. मावशी तोवर हातोडीवर आली होती. त्यानं मागून मान आवळली आणि म्हणाला, बोल, बोलावतेस ना. तिच्या ओठांत वीसेक चुका होत्या. तिनं वळून सगळ्या त्याच्या तोंडावर फुंकल्या. एक डोळ्याखाली रुतली. तो मागे सरकला आणि उघड्या सोफ्यावर बसला. स्प्रिंगचं टोक कुठून आत गेलं हे सांगणं माझ्या वयाला शोभत नाही. पण त्यानंतर मास्तर लंगडायला लागला आणि यायचा थांबला.

मावशीनं जमिनीवरच्या चुका लोहचुंबकानं गोळा केल्या, धुतल्या आणि पुन्हा तोंडात घातल्या.

तिला बदला हवा होता असं मला वाटायचं. मी तसं रेकॉर्डिस्टला म्हटलंही. तो म्हणाला, तिला तिचा शब्द हवाय, उरलेला, मायक्रोफोनवर. गाणं जोवर अर्धं आहे तोवर जो तो तिच्या तोंडून मास्तरला बोलावतोय, आणि ती जिवंत आहे तोवर ते थांबायचं नाही.

मग लक्षात आलं की कारखान्यात सगळ्या हातोड्या एकदम चालू असल्या की मावशीच्या ओठांत चुका नसायच्या. ती काहीतरी पुटपुटत असायची. ‘न’ला तिचा जबडा अडकायचा. ‘को’ला तोंड उघडायला लागतं, तिथं डोळ्यांत पाणी यायचं. ती गालाला तळहात लावायची, हाड आत ढकलायची आणि पुन्हा म्हणायची. असं ती वर्षानुवर्षं करत होती.

गेल्या वर्षी गाण्याला चाळीस वर्षं झाली. एका कंपनीनं नवी आवृत्ती काढायची ठरवली, सभागृहात, प्रेक्षकांसमोर, थेट ध्वनिमुद्रण. एक तरुण गायिका, गुणी मुलगी, दोन कडवी म्हणणार. शेवटचं कडवं मूळ गायिकेनं म्हणावं, कारण तो ‘ऊं’ आजवर कुणालाच तसा जमलेला नाही. अकॉर्डियनवर साक्षात मास्तर. रेकॉर्डिस्टलाही मानानं बोलावलं होतं.

मी मावशीला जाऊ नकोस म्हटलं. तिनं तोंडातल्या चुका तळहातावर काढल्या, म्हणजे गोष्ट गंभीर होती.

“त्याला एक मात्रा आधी कळतं,” ती म्हणाली. “या वेळी मलाही कळेल.”

कार्यक्रम दुपारचा होता. ती अर्धा दिवस काम करून तशीच गेली, एप्रनवर स्वेटर घालून. मास्तर आधीच खुर्चीत बसलेला. बाहत्तर वर्षांचा, वाळलेला, अर्ध्या कानावरून केस ओढून घेतलेले. अंगठी तीच. त्यानं तिला पाहून मान तुकवली. लोक हळहळले, काहींनी टाळ्या वाजवल्या. गायिका मुलीनं सगळ्यांसमोर विचारलं, आजी, तो हुंदका तुम्ही इतका खरा कसा काढलात? मावशीनं मास्तरकडे बोट केलं. “मी नाही. यांनी काढला.” सभागृह कौतुकानं हसलं. मास्तरही हसला. किती विनयशील जोडपं.

मुलीनं दिवा म्हटला, ताट म्हटलं. मावशी मायक्रोफोनपाशी आली. आवाज खरखरीत झाला होता, काथ्यासारखा, पण सुरात होता. ‘दाराला घातलीये कडी, परत ये…’ आठ मात्रा. ‘ऊ’ आला, आणि अख्खं सभागृह उठून उभं राहिलं. असा कडकडाट झाला की पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. तिचे ओठ हलताना मला दिसले. चाळीस वर्षांनी शब्द पुरा झाला होता आणि तो टाळ्यांखाली चिरडला गेला होता.

मास्तरला मात्र ऐकू आला. तो तिच्या हाताच्या अंतरावर होता. त्याचं हसू तसंच राहिलं, पण गालफडं आवळली.

मावशी हलली नाही. तिनं हात वर केला, टाळ्या थांबेपर्यंत तसाच ठेवला. मग वाद्यांशिवाय ओळ पुन्हा सुरू केली. कडी. परत ये. लोकांना वाटलं, वा, दुबार. मास्तरनं भाता उघडला, साथ द्यायला लागला, खुर्चीतून उठला. मावशीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. ‘ऊ’. आणि मास्तरचा उजवा हात पट्ट्यांवरून निघाला.

सहाशे माणसांनी पाहिलं. हाडावर अंगठी बसल्याचा आवाज स्पीकरमधून आला. तिच्या ओठांतून रक्त मायक्रोफोनवर उडालं. पण तिनं गाल आधीच वळवून ठेवला होता, तळहात खालून लावलेला होता, कारखान्यात लावायची तसा. फटका बसला आणि अडकणारा जबडा उलट सुटला. “नकोस,” ती म्हणाली. सुरात, स्वच्छ, ‘को’ पूर्ण उघडा. “परत येऊ नकोस.”

मास्तरनं दुसरा फटका मारायला हात उगारला, मग विचार बदलून तिचा गळा धरला. धरताना डावा हात बटणांवर तसाच होता. मावशीनं एप्रनच्या खिशातून हातोडी काढली. तिच्या खिशात ती असते, जशी इतरांच्या खिशात किल्ली. तिनं गळ्यावरच्या हाताकडे पाहिलंही नाही. बटणांवरच्या बोटांवर नेम धरला. ठक्. चूक ठोकावी तशी, एकच. दोन बोटं मोडली. गळा सुटला. अकॉर्डियनचा भाता आपल्या वजनानं उघडत गेला आणि तोच सूर घरंगळत खाली गेला.

मी काचेच्या खोलीकडे पाहिलं. दिवा लाल होता. आवाजाचं बटण वरच होतं. म्हातारा रेकॉर्डिस्ट दोन्ही हातांवर बसला होता, अक्षरशः, तळवे मांड्यांखाली घालून. मास्तरच्या शिव्या, खुर्ची पडणं, मुलीचं रडणं, सगळं मुद्रित होत होतं आणि त्यानं हात बाहेर काढले नाहीत.

चौकीवर आता नवे साहेब आहेत. त्यांनी विचारलं, आधी कुणी मारलं? मावशीच्या तोंडात कापसाचे बोळे होते. तिनं रेकॉर्डिस्टनं आणलेल्या ध्वनिमुद्रणाकडे बोट केलं. त्यांनी ते तीनदा ऐकलं. चौथ्यांदा मास्तरला आत घेतलं.

कंपनीनं आधी ‘ऊं’पर्यंत कापून गाणं बाजारात आणायचा विचार केला. पण सभागृहात सहाशे फोन होते, आणि ती गुणी मुलगी म्हणाली, कापाल तर माझं नाव काढा. गाणं पुरं निघालं. दोन दिवस लोक नाराज होते, की एवढं सुंदर विरहगीत बिघडवलं. एक काकू तर मला बसमध्ये म्हणाल्या, चाळीस वर्षं रडले हो मी त्याच्यावर, ते काय फुकट? मग हळूहळू दुसऱ्याच घरांतून ते ऐकू यायला लागलं. आमच्या जुन्या शेजारणीच्या सुनेनं एका सकाळी दार आतून लावलं आणि मोठ्यानं तेवढी एकच ओळ म्हटली. नवरा पायरीवर बराच वेळ उभा होता म्हणे.

आता नव्या आवृत्त्या निघतायत. ‘ऊं’ आता कुणालाच नकोय. सगळ्यांना शेवटचा ‘ठक्’ हवाय. कुणी लाकडी ठोकळा वापरतो, कुणी टिपरी, एकानं नारळ फोडून पाहिला. तसा येत नाही.

परवा ब्रास बँडचा ढोलकवाला कारखान्यात आला. त्याच ट्रंपेटवाल्याचा मुलगा, चाळिशीचा गडी. दारातच उभा राहिला, टोपी हातात. म्हणाला, बाई, तो शेवटचा आवाज नेमका कशाचा हो? आम्ही सगळं वाजवून पाहिलं. मावशीच्या गालावर अंगठीचा वण अजून दिसत होता. तिनं एक सोफा पुरा केला, शेवटची चूक ठोकली, मग हातोडी त्याच्या हातात दिली. त्यानं ती उलटीपालटी करून पाहिली, वजन जोखलं, स्वतःच्या अंगठ्यावर हळूच मारून पाहिली आणि कळवळला.

“घेऊन जा,” मावशी म्हणाली. “पण परत आण.”